पाच ग्रॅम चांदीचा फ्रँक

जुनं फ्रेंच नाणं हातात आलं की आपण आधी चेहरा बघतो. नेपोलियन आहे की एखादा लुई? माझ्या मते आधी वजनकाटा काढावा. नाणं २५ ग्रॅमच्या आसपास भरलं आणि व्यास ३७ मिलिमीटर निघाला, तर बहुधा तो एकोणिसाव्या शतकातला पाच फ्रँक असतो, मग चेहरा कुणाचाही असो. राजे बदलले, सम्राट पळाले, प्रजासत्ताकं आली-गेली, पण ते माप हललं नाही.

हे माप एका कायद्याचं आहे. २८ मार्च १८०३ रोजी फ्रान्सने ठरवलं की एक फ्रँक म्हणजे ५ ग्रॅमचं नाणं आणि त्यात हजारात ९०० भाग शुद्ध चांदी. फ्रँक हे नाव त्याआधीचं. राजा दुसरा ज्याँ इंग्रजांच्या कैदेतून सुटला, तेव्हा १३६० साली काढलेल्या सोन्याच्या नाण्याला ते मिळालं होतं. पुढे हिशेब लिव्र या चलनात चालत आणि चांदीचं मोठं नाणं होतं एक्यू. क्रांतीने मीटर आणि किलो आणले, १७९५ मध्ये फ्रँकही चलन म्हणून आणला आणि पैसा त्याच मापात बसवला. पाच फ्रँकची चार नाणी म्हणजे १०० ग्रॅम, चाळीस म्हणजे एक किलो. वाण्याला वजनं नसली तरी भागलं असतं!

त्या काळातल्या नाण्यांवर सन शोधणारा नवखा हमखास गोंधळतो, कारण तिथे ‘वर्ष ५’ किंवा ‘वर्ष १२’ एवढंच असतं. क्रांतीने आपला वेगळा शक सुरू केला होता, आपल्या राज्याभिषेक शकासारखा. १८०६ पासून नेहमीचे आकडे परत आले. त्याहून गमतीची आहेत १८०८ पर्यंतची नाणी. एका बाजूला ‘सम्राट नेपोलियन’, उलटवलं की ‘फ्रेंच प्रजासत्ताक’. १८०९ पासून मागे ‘फ्रेंच साम्राज्य’ आलं आणि तो विनोद संपला.

सनाजवळचं बारीक अक्षर टांकसाळीचं. मुंबई टांकसाळीच्या नाण्यावर सनाखाली खूण असते, तशीच ही पद्धत. ‘ए’ म्हणजे पॅरिस, ‘के’ म्हणजे बोर्दो, ‘डब्ल्यू’ म्हणजे लील, जोड ‘बीबी’ म्हणजे स्त्रासबूर. १८७० च्या युद्धानंतर स्त्रासबूर जर्मनीकडे गेलं आणि ‘बीबी’ नाण्यांवरून नाहीसं झालं. त्याच युद्धात सेदाँला तिसरा नेपोलियन शरण गेला, तेव्हा लोकांनी त्याच्या नाण्यांवर कोरून त्याच्या डोक्यावर टोकदार जर्मन शिरस्त्राण चढवलं. खरं तर नाणं खराब झालं, पण आज हीच कोरलेली नाणी हौसेने जमवली जातात.

चांदीला धक्का बसला तो दोन बाजूंनी. आधी कॅलिफोर्निया आणि ऑस्ट्रेलियातून इतकं सोनं आलं की त्याच्या तुलनेत चांदी महाग झाली आणि किरकोळ नाणी वितळवली जाऊ लागली. म्हणून १८६० च्या दशकात दोन फ्रँकपासून खालच्या नाण्यांचा कस, म्हणजे हजारातला शुद्ध चांदीचा भाग, ९०० वरून ८३५ वर आला. १८६५ मध्ये फ्रान्स, बेल्जियम, इटली आणि स्वित्झर्लंडने करार करून एकमेकांची नाणी चालवून घेतली. नंतर वारं फिरलं. जर्मनीने चलनासाठी चांदी सोडून सोनं धरलं, अमेरिकी खाणींतून चांदी आली, भाव कोसळला आणि १८७८ मध्ये पाच फ्रँकची पाडणी थांबली. याच घसरणीपायी १८९३ मध्ये मुंबईची टांकसाळ खासगी चांदीला बंद झाली. त्याआधी चांदी नेऊन दिली की रुपये पाडून मिळत.

१८९७ पासून चांदीच्या नाण्यांवर आली पदककार ऑस्कर रोतीने घडवलेली पेरणारी बाई. खांद्याला पिशवी, डोक्यावर क्रांतीची टोपी, मागे उगवता सूर्य. तिचा एक फ्रँक अजूनही ५ ग्रॅमचाच. यातलं १९१४ चं नाणं मिळालं तर सनाजवळ भिंगाने ‘सी’ शोधा. जर्मन फौजा पॅरिसवर चालून आल्या, तेव्हा दक्षिणेत कास्तेलसाराझँ इथे काही नाणी पाडली गेली, त्यांची ही खूण. त्यातला एक फ्रँक फार दुर्मीळ.

महायुद्धाने सगळंच पार मोडलं. चांदी दडवली गेली, १९२० मध्ये पेरणारीची चांदीची नाणी थांबली आणि व्यापारी मंडळांच्या नावाची पिवळी नाणी आली. १९२८ मध्ये फ्रँकची किंमत सोन्यात नव्याने ठरली. पुढच्या वर्षी पदककार त्युरँने घडवलेलं दहा फ्रँकचं नाणं निघालं, वजन १० ग्रॅम आणि कस अवघा ६८०. म्हणजे दहा फ्रँकमध्ये चांदी पूर्वीच्या दीड फ्रँकइतकीच. संग्राहक याला नाक मुरडतात, मला मात्र घसरण हातात धरून दाखवायला याच्याइतकं सोपं नाणं दुसरं नाही.

घासूनपुसून लख्ख करण्याची आपली सवय इथे घात करते. टूथपेस्टने चोळलेल्या नाण्याचा काळपट थर जातो आणि त्याबरोबर निम्मी किंमतही जाऊ शकते.

१९६० मध्ये शंभर जुन्या फ्रँकचा एक नवा झाला. १९६५ मध्ये दहा नव्या फ्रँकचं नाणं आलं, त्यावर ऑग्युस्तँ द्युप्रेने क्रांतिकाळात कोरलेला हर्क्युलिस, दोन्ही बाजूंना स्वातंत्र्य आणि समता. वजन २५ ग्रॅम, व्यास ३७ मिलिमीटर, कस ९००. १८०३ च्या कायद्याने जे पाच फ्रँक होते, ते आता हजार जुन्या फ्रँकचं झालं होतं. लोकांनी ते खर्चलंच नाही, सरळ कपाटात ठेवलं.