सीमापृष्ठ (हवामानशास्त्र)

तापमान व आर्द्रता यांत ठळक फरक असलेल्या दोन वायुराशी (हवेचे विस्तीर्ण समूह) जिथे भिडतात, त्या सीमेला सीमापृष्ठ किंवा आघाडी म्हणतात. नकाशावर ती रेषा दिसते. प्रत्यक्षात तो जमिनीपासून वर तिरका चढत गेलेला संक्रमणपट्टा असतो. वादळाचा स्वभाव बराचसा या उतारावर ठरतो.

थंड हवा जड असल्याने उबदार हवेखाली पाचरीसारखी घुसते. ती तळाशी पसरून सपाट होत नाही, कारण पृथ्वीच्या परिवलनातून उद्भवणारे कोरिऑलिस बल तिला थोपवून धरते.

थंड हवा पुढे सरकत असेल तर ते शीत सीमापृष्ठ. त्याचा उतार सुमारे ५० ते १०० किमी. अंतरास १ किमी. इतका असतो. जमिनीलगत घर्षणामुळे हवा मागे रेंगाळते, त्यामुळे पुढची कड आणखी उभी होते. समोरची दमट, अस्थिर हवा झपाट्याने वर फेकली जाते, तिच्यातील बाष्पाचे सांद्रीभवन होऊन (म्हणजे त्याचे पाणी बनून) त्यात साठलेली सुप्त उष्णता बाहेर पडते आणि गर्जन्मेघ उभे राहतात. गडगडाट, गारा व सोसाट्याचा वारा येतो. कित्येकदा सर्वांत उग्र वादळांची रांग सीमापृष्ठाच्या बरीच पुढे तयार होते. म्हणून केवळ नकाशावरच्या रेषेवर नजर ठेवणे धोक्याचे. सीमापृष्ठ ओलांडून गेले की वायुदाब चढतो, तापमान उतरते आणि उत्तर गोलार्धात वारा सहसा नैर्ऋत्येकडून वायव्येकडे फिरतो.

उष्ण सीमापृष्ठाचा उतार याहून सौम्य. उबदार हवा थंड हवेवर सावकाश चढते. तंतुमेघ शेकडो किलोमीटर आधीच दिसू लागतात आणि मागाहून दीर्घकाळ रिमझिम पडते. सीमापृष्ठ जागीच थबकले, तर त्याच प्रदेशावर पुन्हा पुन्हा पाऊस पडून पूर येऊ शकतो.

ही संकल्पना नॉर्वेतील बर्गेन येथे विल्हेल्म ब्यर्कनेस यांच्या गटाने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मांडली. त्यांचे पुत्र याकोब यांनी १९१९ मध्ये सरकत्या आवर्तांची (न्यूनदाबाभोवती वारे फिरणाऱ्या वादळांची) रचना स्पष्ट केली. मध्य अक्षांशांत सीमापृष्ठावर लाट उठते, तिच्याभोवती न्यूनदाब खोल होतो आणि तापमानातील तफावतच आवर्ताला ऊर्जा पुरवते. शीत सीमापृष्ठ उष्ण सीमापृष्ठाला गाठते तेव्हा उबदार हवा जमिनीपासून उचलली जाते. या स्थितीला अधिविष्ट सीमापृष्ठ म्हणतात. त्यानंतर आवर्त सहसा ओसरू लागते.

उष्णकटिबंधीय चक्रीवादळांना सीमापृष्ठे नसतात; ती उबदार समुद्रावर पोसली जातात. मात्र उच्च अक्षांशांकडे सरकताना त्यांचे रूप पालटू शकते. ऑक्टोबर २०१२ मधील ‘सँडी’ने अमेरिकेचा किनारा गाठण्याच्या थोडे आधीच असे रूप बदलले होते.