बिडाची शेगडी तडकते ती गार होताना

मागच्या जानेवारीत रात्री दीडच्या सुमारास खालच्या खोलीतून टिंग असा आवाज आला, स्टीलच्या ताटावर चमचा पडावा तसा. मी म्हटलं पडलं असेल काहीतरी, आणि पांघरूण ओढून झोपलो. बाहेर उणे बावीस. सकाळी राख काढायला वाकलो तर शेगडीच्या डाव्या प्लेटवर, निखारे जिथे साचतात त्या उंचीपासून वरती तिरकी गेलेली केसाएवढी रेघ दिसली. नख फिरवलं तर अडकलं.

आम्ही राहतो अमेरिकेत व्हर्मॉन्टमध्ये, जुनं घर, आणि घरात लाकडावर चालणारी बिडाची शेगडी, म्हणजे बंद पेटी, पुढे काचेचं दार, मागून चिमणीचा पाइप. वीज गेली की हिवाळ्यात हीच काय ती माय. बीड म्हणजे तेच आपलं, बिडाचा तवा, बिडाचं आप्पेपात्र. आणि तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतलं की आई का ओरडायची तेही सगळ्यांना माहितीये. फक्त माझ्या शेगडीवर कोणी पाणी ओतलं नव्हतं, उलट आग विझत आली होती, मग तडकली कशी?

पहिला फोन केला काकांना. काकांचं अख्खं आयुष्य कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात गेलं. व्हिडिओवर भेग दाखवली. मी म्हटलं काका, वेल्डिंग करून घेतो, तर म्हणाले, "अरं ते बीड हाय, एमएस न्हवं. वेल्डिंग मारायला जाशील आन एकीच्या जागी चार भेगा करून बसशील. आधी ती तडकली का ते बघ."

तर का ते बघू. साध्या माइल्ड स्टीलमध्ये (काका म्हणाले ते एमएस) कार्बन ०.२ टक्क्याच्या आसपास असतो, बिडात अडीच ते चार टक्के, वर थोडं सिलिकॉन. एवढा कार्बन लोखंडात मावत नाही, रस गोठताना तो बाहेर पडतो आणि ग्रॅफाइटच्या चपट्या पाकळ्या होऊन बसतो. पातळ पोह्यांची कल्पना करा, फक्त डोळ्याला न दिसण्याइतके बारीक, आणि अख्ख्या धातूत वेडेवाकडे पसरलेले. याच कार्बनमुळे बीड बाराशे अंशांच्या अलीकडेच वितळतं (स्टीलला पंधराशेच्या घरात जावं लागतं), साच्यात छान पसरतं, शेगडीच्या प्लेटवरची वेलबुट्टीसुद्धा स्वच्छ उतरते. पण ग्रॅफाइट म्हणजे पेन्सिलीतलं शिसं, त्यात जोर काही नसतो, म्हणजे प्रत्येक पाकळी ही धातूच्या पोटात आधीपासूनच असलेली एक छोटी भेग समजा. दाबलं तर काही बिघडत नाही, पाकळ्या मिटतात. ओढलं तर प्रत्येक पाकळीच्या टोकाशी ताण गोळा होतो आणि एकीतून दुसरीत असं करत चीर पळत सुटते. म्हणून बीड दाब जेवढा सोसतं त्याच्या तिसरा-चौथा हिस्साच ओढ सोसतं, आणि स्टीलसारखं आधी वाकून वगैरे दाखवत नाही, थेट तुटतं.

आता आग. ६० सेंटिमीटर लांबीची प्लेट ४०० अंशांनी तापली तर जवळपास अडीच मिलिमीटर वाढते. सगळी सारखी तापली तर हरकत नाही, पण तशी ती कधीच तापत नाही. निखाऱ्यांना टेकलेला भाग खूप तापतो आणि कडा त्यामानाने गार राहतात. मधल्या भागाला फुगायचंय आणि भोवतीचा गार भाग त्याला फुगू देत नाही, मग तो चेपला जातो, आणि धातू गरम असल्यामुळे थोडासा कायमचाच चेपला जातो. इथपर्यंत काहीच दिसत नाही, आवाज नाही की काही नाही. रात्री आग विझते, तो भाग आकसायला लागतो, पण आता तो मुळापेक्षा आखूड झालेला असतो. कडा जागच्या जागी, मधला भाग आखूड, म्हणजे आता ओढ लागली! आणि ओढ तर बिडाला सोसवतच नाही. म्हणून टिंग आवाज आला तो रात्री दीडला, निखारे मरताना. याच्या उलट प्रकारही होतो म्हणा, थंडगार शेगडीत एकदम ढणढणीत जाळ केला तर मध्य फुगतो, कडा ताणल्या जातात आणि काठावरून भेग सुटते, पण माझी भेग काठावरची नव्हती.

अजून एक गोष्ट मला काकांकडूनच कळली, बीड जुनं होत जातं तसं "फुगतं". साडेचारशे-पाचशे अंशांच्या वर पुन्हा पुन्हा तापवत राहिलं की त्यातलं लोखंड-कार्बनचं कडक संयुग फुटून आणखी ग्रॅफाइट तयार होतं, ते जास्त जागा मागतं, शिवाय पाकळ्यांच्या कडेकडेने हवा आत शिरते आणि धातू आतून गंजतो. प्लेट कायमची वाढते, वाकडी होते. यावर घरगुती ओळख सोपी आहे, रात्री दिवे बंद करून शेगडी बाहेरून लालसर दिसली तर समजायचं हद्द ओलांडली. आमच्याकडे डिसेंबरात पाहुणे होते तेव्हा अशी दोनदा दिसली होती, आणि मी आपला कौतुकाने फोटो काढत बसलो होतो.

बरं, भेग पडली तर पडली, शेगडी वापरायची की नाही? हे भेग कुठे आहे त्यावर आहे. आतली जाळी किंवा धूर वळवणारी आडवी पट्टी तडकली असेल तर रडायचं कारण नाही, ते भाग झिजायलाच असतात, बदलायचे. बाहेरच्या भिंतीला आरपार भेग असेल तर मात्र विषय गंभीर. आरपार आहे का ते बघायला थंड शेगडीत टॉर्च ठेवला आणि खोलीत अंधार केला, एक बारीक उजेडाची दोरी दिसली. मग छोटा जाळ करून भेगेजवळ उदबत्ती धरली (देवघरातली, घरात दुसरी कुठून असणार), तर धूर सरळ आत ओढला गेला. चिमणी चांगली ओढत असली की पेटीतला दाब खोलीपेक्षा कमी असतो, त्यामुळे भेगेतून धूर बाहेर येत नाही, हवाच आत जाते.

मी खुश, पण ही खुशी फसवी आहे. एक तर आत जाणारी ती हवा आपल्या ताब्यात नसते, हवेची झडप बंद केली तरी आग मंद होत नाही, आणि नेमकी भेगेपाशीच जास्त भडकते, म्हणजे भेग स्वतःलाच वाढवते. दुसरं म्हणजे ओढ कायम नसते. पहाटे नुसते निखारे उरतात तेव्हा चिमणी गार पडते, ओढ सगळ्यात कमी, आणि निखाऱ्यांना धूर नसतो पण कार्बन मोनॉक्साइड भरपूर. त्याला ना वास ना रंग, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींनी जास्त घट्ट चिकटतो. त्यात कोणी स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट लावला तर खोलीचाच दाब उतरतो आणि हवा उलटी फिरते. मी एक्झॉस्ट लावून पुन्हा उदबत्ती धरली तर धूर आधी घुटमळला आणि मग चक्क माझ्या तोंडावर आला. त्याच क्षणी शेगडी बंद. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घरात होताच, बॅटरी त्याच दिवशी बदलली.

आता दुरुस्ती. वेल्डिंगला काका का नाही म्हणाले, तर वेल्डच्या शेजारचं बीड झटक्यात वितळतं आणि भोवतालचा गार धातू त्याची उष्णता तितक्याच झटक्यात शोषतो. कार्बनला ग्रॅफाइट व्हायला वेळच मिळत नाही, काचेसारखा कडक ठिसूळ पट्टा तयार होतो आणि आकसताना त्याच्याच कडेने नवी भेग पडते. जाणकार लोक करतात, आधी अख्खा भाग तापवून, निकेलचा रॉड वापरून, छोटे छोटे टाके घालून, नंतर वाळूत किंवा राखेत पुरून हळूहळू गार करून. पण रोज तापणाऱ्या, काजळी मुरलेल्या जुन्या प्लेटवर ते टिकेल याची खात्री कोणी देत नाही. शेगडीचं सिमेंट मिळतं, सोडियम सिलिकेटचं, ते सांध्यात भरायला उत्तम, पण भेग रोज उघडते-मिटते आणि सिमेंट भुगा होऊन पडतं. एपॉक्सीचं तर नावच नको, पहिल्या जाळात धूर होऊन जाईल.

भेग वाढू नये म्हणून मात्र एक जुनी युक्ती आहे, भेगेच्या टोकाला ड्रिलने तीन-चार मिलिमीटरचं भोक पाडायचं. तडकलेल्या वस्तूला आणखी भोक! पण भेगेचं टोक जितकं अणकुचीदार तितका तिथे ताण जास्त, गोल भोकाने तो पसरतो. खरं टोक डोळ्याला दिसतं त्याच्या पुढे असतं, ते शोधायला काकांनी रॉकेल आणि खडू सांगितला. थंड प्लेटवर रॉकेल लावलं, कोरडं पुसून काढलं, वरून खडूची पूड चोळली, आणि दहा मिनिटांत भेगेतलं रॉकेल खडूत झिरपून पांढऱ्यावर काळपट रेघ उमटली. मला दिसत होती त्यापेक्षा बोटभर लांब.

एवढी लांब म्हटल्यावर भोकाचा नाद सोडला. सुदैवाने अशी शेगडी एकसंध ओतलेली नसते, सुट्या प्लेटा बोल्टने आवळून सांधे सिमेंटने भरलेले असतात, त्यामुळे एक प्लेट बदलता येते. जुने भाग विकणाऱ्याकडून तसलीच प्लेट मिळाली, बसवायला दोन रविवार गेले, गंजलेले बोल्ट काही निघेनात. नवे बोल्ट काकांच्या सांगण्यावरून जरा सैलच ठेवले, प्लेटला हलायला जागा हवी. पहिले तीन दिवस नुसत्या काटक्यांचा जाळ केला, सिमेंटमधलं पाणी एकदम उकळून बुडबुडे येऊ नयेत म्हणून.

जुनी प्लेट अंगणात नेऊन भेगेपाशी हातोडीचा एक घाव घातला, दोन तुकडे. तुटलेली बाजू कागदावर घासली तर पेन्सिलीसारखी रेघ उठली, फोटो काढून काकांना पाठवला. त्यांनी रेघेबद्दल काहीच लिहिलं नाही, फोटो मोठा करून तुटीवर लाल गोल करून परत पाठवला. हातोडीने तुटलेला भाग राखाडी, चमकदार. त्याच्या खाली दोन बोटं रुंदीचा पट्टा जरा मळका, तो त्या रात्रीचा. आणि त्याच्याही खाली, आतल्या बाजूला, काजळीने पार काळा झालेला जवळजवळ तळहाताएवढा भाग. खाली काकांचा मेसेज, "ही भेग तू घर घ्यायच्या आधीची हाय."