संस्थानी हद्दीत उभे राहिलेले कारखाने : दक्षिण महाराष्ट्राच्या उद्योगांची पार्श्वभूमी

सातारा, सांगली आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतील जुन्या कारखान्यांचा इतिहास पाहू लागले, की एक गोष्ट लगेच नजरेत भरते. यांपैकी अनेक कारखान्यांचा जन्म ब्रिटिश अमलाखालील मुलखात न होता संस्थानांच्या हद्दीत झाला. किर्लोस्करवाडी आणि ओगलेवाडी औंध संस्थानात वसल्या, शाहू मिल कोल्हापुरात उभी राहिली आणि इचलकरंजीचे माग घोरपडे यांच्या जहागिरीत सुरू झाले. उद्योजकांची चरित्रे आपल्याकडे आवडीने वाचली जातात. पण त्यांना पाय रोवायला जागा कोणी दिली, हा प्रश्न मात्र बहुधा मागेच राहतो, आणि या भागाची आजची औद्योगिक ओळख समजून घ्यायची असेल तर सुरुवात त्या प्रश्नापासूनच करावी लागते.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार होण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, परंतु रंगांतील भेद ओळखण्यात डोळे कमी पडतात हे ध्यानात आल्यावर ते यांत्रिक रेखाचित्रांकडे वळले आणि पुढे मुंबईतच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. बंधू रामुअण्णा यांच्यासह त्यांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले, त्यानंतर कडबा कापण्याची यंत्रे तयार केली आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभी लोखंडी नांगर हाती घेतला. हा नांगर सहजासहजी खपला नाही. लोखंडाच्या फाळाने जमिनीला विष चढते, असा समज तेव्हा शेतकऱ्यांत पसरलेला होता, आणि बैलाच्या जिवावर शेती करणाऱ्या माणसाने नव्या अवजाराकडे संशयाने पाहावे यात नवल नव्हते. शेतात प्रत्यक्ष नांगरून दाखवल्यावरच गिऱ्हाईक तयार होई.

धंदा जरा मार्गी लागतो आहे तोच बेळगाव नगरपालिकेने शहराच्या वाढीसाठी कारखान्याची जागा सोडण्यास सांगितले. यंत्रे, कारागीर आणि डोक्यावरचे देणे घेऊन जायचे कोठे, हा प्रश्न उभा राहिला. औंधला सभामंडप बांधण्याचे काम या सुमारास लक्ष्मणरावांकडे आले होते, त्यामुळे हा माणूस काम कसे करतो हे तेथील राजेसाहेबांना ठाऊक होते. भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९०९ च्या अखेरीस गादीवर आले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर जमीन व १०,००० रुपयांचे बिनव्याजी कर्ज देऊन लक्ष्मणरावांचा मार्ग मोकळा केला. १० मार्च १९१० हा किर्लोस्करवाडीचा स्थापनादिवस मानला जातो.

ही जमीन कशी होती, हेही सांगायला हवे. निवडुंगाने भरलेला तो ओसाड माळ होता. पाण्याची ददात होती आणि सापांचा सुळसुळाट होता. लक्ष्मणराव आणि त्यांच्याबरोबर आलेल्या मोजक्या कुटुंबांनी आधी निवडुंग तोडून जागा साफ केली, मग राहण्याची सोय केली आणि यंत्रे मांडली. बंधू रामुअण्णांनी वसाहतीची व्यवस्था पाहिली, शंभुराव जांभेकर यांनी यंत्रांची बाजू सांभाळली. चोरी-दरोड्यासाठी शिक्षा भोगून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी राखणदार म्हणून ठेवले. माणसावर विश्वास टाकला तर तो विश्वासाला जागतो, ही त्यांची धारणा होती आणि त्या राखणदारांनी ती खरी करून दाखवली. वाडीतील यंत्रांइतकीच ही गोष्टही मला महत्त्वाची वाटते.

जागा माळरानावर असली तरी ती अगदीच आडवळणी नव्हती. पुणे–मिरज लोहमार्ग वाडीच्या दाराशी होता, त्यामुळे कच्चे लोखंड आणि कोळसा आणणे व तयार नांगर आणि उसाचे चरक बाहेर पाठवणे शक्य झाले. कृष्णाकाठचा ऊस आणि भुईमूग पिकवणारा शेतकरी हा पहिला ग्राहकही जवळच होता. औंध संस्थानाचा मुलूख सलग नव्हता. राजधानी खटावच्या बाजूला, तर कुंडल आणि आटपाडी दूरवर, असे त्याचे तुकडे ब्रिटिश मुलखाच्या मधेमधे विखुरलेले होते. कारभाराला हे गैरसोयीचे असले, तरी यामुळेच एका लहान संस्थानाला लोहमार्गालगतची जागा देता आली.

पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड मिळेनासे झाले आणि कारखाना बंद पडण्याची वेळ आली, तेव्हा कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज मदतीला आले. संस्थानातील जुन्या, निकामी तोफा त्यांनी वितळवण्यासाठी दिल्या आणि त्या धातूचे नांगर झाले. उद्योगाकडे पाहण्याची शाहू महाराजांची दृष्टी याआधीच दिसून आली होती. १८९४ मध्ये राज्यकारभार हाती घेतल्यानंतर त्यांनी गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी ही पेठ वसवली, १९०६ मध्ये कापडगिरणीचा पाया घातला आणि भोगावती नदीवर राधानगरी धरणाचे काम काढले. १९०२ च्या आरक्षणाच्या आदेशासाठी त्यांचे नाव घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु पेठ, गिरणी आणि धरण ही कामे त्याच विचारातून आली होती, कारण शिकलेल्या बहुजन मुलाला नोकरीइतकीच धंद्याची वाटही खुली असावी, असा त्यांचा आग्रह होता.

ओगलेवाडीची हकिगत किर्लोस्करवाडीच्या वळणाचीच आहे. लोकांकडून पैसा-पैसा गोळा करून उभारलेल्या पैसाफंडाचा काच कारखाना तळेगाव येथे चालत होता आणि काचेचे काम जाणणारी मराठी माणसे तेथे तयार होत होती. ओगले बंधूंनी १९१६ मध्ये कराडजवळ काच कारखाना काढला. त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील पुढे खेडोपाडी घराघरांत टांगला गेला. इचलकरंजीत नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या काळात, १९०४ मध्ये, विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग बसवला, आणि आज त्या शहराला वस्त्रनगरी म्हणतात त्याचे मूळ तेथे आहे.

संस्थानिक सगळेच असे होते, असे मात्र म्हणता येणार नाही. बहुतेक संस्थानांत महसुलाचा मोठा भाग राजघराण्याच्या खर्चात जाई आणि प्रजेला दाद मागण्याची सोय नसे. जे एका राजाने दिले ते पुढच्या राजाने काढून घेतले असते, तर त्याविरुद्ध कोणते न्यायालय उभे राहिले असते? औंधचे वेगळेपण असे, की तेथील राजाने हा दोषही ओळखला. १९३९ मध्ये, महात्मा गांधींच्या सल्ल्याने तयार झालेल्या घटनेनुसार, बाळासाहेबांनी कारभाराचे अधिकार प्रजेच्या प्रतिनिधींकडे सोपवले. याच संस्थानातील कुंडल हे गाव १९४२ नंतर साताऱ्याच्या प्रतिसरकारचे, म्हणजे ब्रिटिश सत्तेला समांतर चालवलेल्या भूमिगत सरकारचे, केंद्र बनले, आणि ब्रिटिश पोलिसांपासून लपणाऱ्या कार्यकर्त्यांना संस्थानी हद्दीचा आसरा मिळाला.

१९४८ च्या आरंभी या इतिहासात एक काळे पान आले. गांधीहत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीचा कारखाना पेटवला गेला. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओही जळाला. किर्लोस्करवाडी त्यातून पुन्हा सावरली. लक्ष्मणराव १९५६ मध्ये निवर्तले. तोपर्यंत उद्योगाच्या शाखा हरिहर, बंगळूर आणि पुण्यापर्यंत पोहोचल्या होत्या.

औंध १९४८ मध्ये आणि कोल्हापूर १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले. त्यानंतर जमीन आणि भांडवल यांसाठी राजाकडे जाण्याचा प्रश्न उरला नाही. साखरेच्या क्षेत्रात सहकाराने ती जागा घेतली आणि १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने जमीन, रस्ते आणि पाणी पुरवण्याचे काम शासनाच्या वतीने अंगावर घेतले. संस्थानी काळातील उद्योगांपैकी किर्लोस्करवाडीत पंप आजही तयार होतात. शाहू मिल आणि ओगल्यांचा काच कारखाना मात्र बंद पडले.