जायफळ उगाळलं की झोप, आणि अपाय मुळीच नाही?

गोव्यातल्या फोंडा-सावईवेरेकडच्या कुळागरांत, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागांत, जायफळाचं झाड असतंच. झोप येत नाही म्हटलं की आजी सहाणेवर दोन-चार वळसे उगाळून दुधात देते. तेवढ्याने काही बिघडत नाही. पण त्यावरून 'झाडपाल्याला साइड इफेक्ट नसतो, कितीही घ्या' असं जे पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं, ते खरं नाही.

जायफळात मिरिस्टिसिन नावाचं द्रव्य असतं. साधारण 5 ग्रॅम, म्हणजे जेमतेम एक जायफळ पोटात गेलं तर छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, भास होतात. फसगत अशी की हा परिणाम काही तासांनी दिसतो. गुण आला नाही असं वाटून माणूस आणखी घेतो, आणि रात्री दोन वाजता घरच्यांची धावपळ होते. मुलांना तर चिमूटभरही अंदाजाने देऊ नका.

सर्पगंधेचं मूळ तर खरंखुरं जालीम. त्यातलं रेसर्पीन हे द्रव्य 1952 साली वेगळं केलं गेलं. ते रक्तदाब उतरवतं, आणि मन आधीच खचलेलं असेल तर आणखी खचवू शकतं. अश्वगंधेमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. थायरॉईडच्या गोळ्या चालू असतील, दिवस गेले असतील, तर ती स्वतःहून घेऊच नये.

झोपेची गोळी आणि काढा एकत्र घेत असाल तर डॉक्टरांना दोन्ही सांगा. लाजू नका, ते रागावणार नाहीत. घालमेल आठवडेच्या आठवडे थांबत नसेल तर 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, क्रमांक मोफत आहे, रात्रीही.