सोव्हिएत फायटर एसची मेडल्स आणि त्यांच्यासोबतचे कागद: थोडी पार्श्वभूमी

एखाद्या सोव्हिएत फायटर एसचा (एस म्हणजे शत्रूची बरीच विमानं पाडलेला पायलट) अख्खा ग्रुप, म्हणजे एकाच माणसाची सगळी मेडल्स आणि कागद, लिलावात येतो, गोल्ड स्टार, ऑर्डर ऑफ लेनिन (इथे ऑर्डर म्हणजे हुकूम नव्हे, सरकारी सन्मानचिन्ह), दोनतीन ऑर्डर ऑफ द रेड बॅनर, सोबत छोटी लाल पुस्तकं, फ्लाइंग लॉगबुक, पिवळे पडलेले कागद, आणि लगेच चर्चा सुरू होते किमतीची. हे सगळं मुळात दिलं कसं जायचं, कागद एवढे का महत्त्वाचे आणि रशियाबाहेर ते आले कसे, ह्यावर मराठीत फारसं काही वाचायला मिळत नाही म्हणून लिहितोय.

हिरो ऑफ द सोव्हिएत युनियन हा किताब सुरू झाला १६ एप्रिल १९३४ ला. पहिले सातही मानकरी पायलट होते, आर्क्टिकच्या बर्फात चेल्युस्किन नावाचं जहाज बुडालं होतं, त्यातली माणसं त्यांनी बर्फावरून उचलून आणली, आणि यादीत पहिलं नाव ल्यापिदेव्स्कीचं. तेव्हा तारा नव्हताच. ऑर्डर ऑफ लेनिन आणि एक मोठं प्रशस्तिपत्र एवढंच मिळायचं. सोन्याचा तारा, म्हणजे गोल्ड स्टार, आला १ ऑगस्ट १९३९ ला. म्हणजे पहिली पाच वर्षं हा माणूस हिरो आहे हे सांगणारी वेगळी खूण म्हणजे तो कागदच, हे लक्षात ठेवा. (आपले राकेश शर्मा ह्यांना १९८४ मध्ये हाच किताब मिळाला, तेही फायटर पायलटच.)

जर्मनीशी युद्ध सुरू झाल्यावर सगळं हिशोबावर आलं. १९ ऑगस्ट १९४१ चा आदेश क्रमांक ०२९९ बघण्यासारखा आहे. लढाईत पाडलेल्या प्रत्येक विमानामागे १००० रुबल, तीन विमानं पाडली की सरकारी पुरस्कारासाठी नाव पाठवायचं, पुढची तीन पाडली की दुसऱ्या पुरस्कारासाठी, आणि दहा झाली की थेट हिरोसाठी. मे १९४२ मध्ये ऑर्डर ऑफ द पॅट्रिऑटिक वॉर निघाली, तिच्या नियमातही फायटर पायलटसाठी आकडाच लिहिलेला, तीन विमानांना पहिला वर्ग आणि दोनला दुसरा. आता आकड्यावर पुरस्कार आणि पैसे दोन्ही अवलंबून म्हटल्यावर प्रत्येक विमानाचा पुरावा लागणार, तो कोणीतरी तपासणार आणि कुठेतरी लिहून ठेवणार. एसच्या नावावर एवढे कागद का सापडतात त्याचं मूळ इथे आहे.

ह्यातला सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे शिफारसपत्र, रशियन लोक त्याला नग्राद्नोय लिस्त म्हणतात. रेजिमेंटचा कमांडर लिहायचा, जन्म कुठला, सैन्यात कधीपासून, जखमी कधी झाला, आधी काय मिळालंय, आणि मग कोणत्या तारखेला कुठे काय पाडलं. मग ते डिव्हिजन, कोर, आर्मी असं वर चढत जायचं आणि प्रत्येक जण खाली शेरा मारून सही करायचा. रेड स्टार किंवा रेड बॅनर असेल तर वरच्या कमांडरच्या पातळीवरच निकाल लागायचा, हिरोचं मात्र मॉस्कोपर्यंत जायचं. इव्हान कोझेदूबचंच घ्या ना, दोस्तराष्ट्रांमधला सगळ्यात जास्त विमानं पाडलेला पायलट, अधिकृत आकडा ६२. पहिलं विमान पाडलं जुलै १९४३ मध्ये, कुर्स्कच्या लढाईत. ४ फेब्रुवारी १९४४ ला पहिला तारा मिळाला तेव्हा कागदावर १४६ उड्डाणं आणि २० विमानं, आणि १९ ऑगस्ट १९४४ ला दुसरा तारा, तेव्हा २५६ उड्डाणं आणि ४८ विमानं. ह्या दोन कागदांच्या मधल्या सहा महिन्यांत तो माणूस काय लढला असेल ते तुम्हाला कुठल्याही मेडलच्या सोन्यावरून कळणार नाही! तिसरा तारा १८ ऑगस्ट १९४५ चा, युद्ध संपल्यावरचा.

धातूकडे कलेक्टर बघतात ते मागच्या नंबरसाठी. प्रत्येक ऑर्डरच्या मागे नंबर असतो आणि तोच नंबर ऑर्डर बुकलेटमध्ये (वर म्हटलेलं छोटं लाल पुस्तक) नाव, फोटो, सही आणि शिक्क्यासकट नोंदवलेला असतो. गोल्ड स्टार साडेएकवीस ग्रॅम सोन्याचा, ऑर्डर ऑफ लेनिनमध्ये सोनं आणि प्लॅटिनम, पण रेड स्टार चांदीचा आणि ३८ लाखांच्या वर वाटलेला, त्यामुळे सुटा रेड स्टार सापडणं काही कठीण नाही. तोच एका एसचा आहे हे सिद्ध झालं की गोष्ट पूर्ण बदलते, आणि सिद्ध होतं ते फक्त नंबर आणि कागद जुळवून. आघाडीवर बुकलेट लगेच मिळायचं नाही, आधी तात्पुरता दाखला द्यायचे, तोही कधीकधी ग्रुपमध्ये सापडतो, आणि सापडला तर जपा, कारण तो खरोखर युद्धातला कागद आहे, बुकलेट बऱ्याचदा नंतरचं असतं. ह्या ऑर्डरींवर तेव्हा महिन्याला थोडे पैसेही मिळायचे आणि त्यासाठी कुपनं होती. १ जानेवारी १९४८ पासून ते पैसे बंद झाले. सैनिकांना ते चांगलंच लागलं.

अजून एक गोष्ट, जी नवीन कलेक्टरना माहीत नसते. जून १९४४ पासून नुसत्या नोकरीच्या वर्षांवरही हेच पुरस्कार द्यायला लागले, १० वर्षांना फॉर मिलिटरी मेरिट मेडल, १५ ला रेड स्टार, २० ला रेड बॅनर, २५ ला चक्क ऑर्डर ऑफ लेनिन. म्हणजे एकाच पायलटच्या छातीवर दोन रेड स्टार असतील तर एक जर्मन विमान पाडल्याबद्दल आणि दुसरा सर्व्हिसबद्दल असू शकतो, दिसायला अगदी सारखे, फरक कळतो तो हुकमाच्या तारखेवरून आणि शिफारसपत्र आहे की नाही त्यावरून. १९८५ मध्ये विजयाच्या ४० व्या वर्षानिमित्त हयात असलेल्या युद्धसैनिकांना पॅट्रिऑटिक वॉरची ऑर्डर सरसकट दिली गेली, तिथेही तेच. विकणारा ती बिनधास्त १९४३ ची म्हणून खपवू शकतो, बुकलेट मागा.

आणि कागदच नसेल तर काय होतं त्याचं उदाहरण लिदिया लित्व्याक. बाई फायटर एस, स्टालिनग्राडवर लढलेली, १ ऑगस्ट १९४३ ला परतली नाही. मृतदेह नाही, विमान नाही, म्हणून नोंद बेपत्ता अशी झाली, आणि बेपत्ता म्हणजे कदाचित शत्रूच्या हाती, म्हणून हिरोचा किताब अडकला तो थेट मे १९९० पर्यंत, गोर्बाचेव्हच्या सहीने मिळाला. मिखाईल देव्याताएव हा पायलट तर जर्मनांच्या कैदेत पडला आणि फेब्रुवारी १९४५ मध्ये पेनेम्युंडे ह्या जर्मन तळावरून बॉम्बर पळवून इतर कैद्यांसकट परत आला, तरी त्याला हिरो व्हायला १९५७ उजाडलं. उलटही झालंय, स्पेनच्या यादवी युद्धात लढून हिरो झालेला पायलट पावेल रिचागोव्ह जून १९४१ मध्ये अटकेत गेला आणि ऑक्टोबरमध्ये त्याला गोळ्या घातल्या. ही नावं वाचली की मला तरी नुसत्या चकाकत्या ताऱ्याचा फोटो पुरत नाही.

कोरियाच्या युद्धात लढलेल्या सोव्हिएत पायलटांची तर कागद असूनही पंचाईत आहे. १९५० पासून मिग-१५ घेऊन सोव्हिएत रेजिमेंट तिथे लढल्या, सुत्यागिन, पेपेल्याएव ह्यांच्यासारखे लोक हिरो झाले, पण सगळं गुप्त, त्यामुळे किताबाच्या कागदावर कोरियाचं नावच नाही. इथे लॉगबुक, जुने फोटो, घरची पत्रं हेच आधार, म्हणून असल्या ग्रुपमधलं साधं पत्रसुद्धा वेगळं काढू नका.

आता ग्रुप तुटले कसे? जुना नियम असा होता की माणूस वारला की ऑर्डर सरकारला परत करायची, पॅट्रिऑटिक वॉरची तेवढी आठवण म्हणून घरी ठेवता यायची. कागद मात्र घरच्यांकडे राहायचे. १९७७ मध्ये हा नियम सैल झाला, पण तोपर्यंत कितीतरी घरांत धातूशिवाय नुसती पुस्तकं उरली होती. मग चोऱ्या सुरू झाल्या. जुलै १९८३ मध्ये मॉस्कोत व्हाइस ॲडमिरल खोलोस्त्याकोव्ह, स्वतः हिरो, आणि त्यांची बायको ह्यांचा घरातच खून झाला, मारेकरी पत्रकारितेचे विद्यार्थी म्हणून आले होते आणि हवी होती फक्त मेडल्स. म्हातारा सैनिक दार उघडतो, कौतुकाने मुलाखत द्यायला बसतो, ह्याहून वाईट काय असेल!

१९९१ नंतर देश फुटला, पेन्शन महागाईत विरघळली आणि मग म्हाताऱ्यांनी स्वतःच विकायला काढलं. व्यापाऱ्यांनी तारा एकाला, बुकलेट दुसऱ्याला असं विकलं, कारण सुटं विकून जास्त मिळायचं. रशियात सोव्हिएत सरकारी पुरस्कारांची खरेदीविक्री फौजदारी कलम ३२४ खाली गुन्हा आहे, तरी माल बाहेर गेला आणि युरोप-अमेरिकेच्या लिलावांत उघडपणे फिरतो. त्यातच नकली माल घुसला, नंबर घासून नवीन कोरलेला, खऱ्या बुकलेटमध्ये फोटो बदललेला.

सुदैवाने मूळ शिफारसपत्रं मॉस्कोजवळ पोदोल्स्कच्या संरक्षण खात्याच्या अर्काइव्हमध्ये आहेत, आणि २०१० पासून त्यांच्या स्कॅन कॉपी ‘पोद्विग नरोदा’ ह्या साइटवर फुकट बघता येतात. रशियन अक्षरात आडनाव आणि जन्मसाल टाकायचं, हाताने लिहिलेलं किंवा टाइप केलेलं अख्खं पान समोर येतं. लिलावातल्या वर्णनात ‘२० विमानं पाडलेला एस’ असं लिहिलेलं असेल तर बोली लावायच्या आधी ते पान काढा, तारीख, रेजिमेंट आणि विमानांचा आकडा बुकलेटशी ताडून बघा, आणि ग्रुप तुमच्याकडे आलाच तर त्या पानाची प्रिंट त्याच डब्यात ठेवा म्हणजे पुढच्या माणसाला परत पहिल्यापासून शोधावं लागणार नाही.