यकृत टाळून जाणारे रक्त आणि कुत्र्यांचे मूतखडे

आतड्यांतले रक्त यकृताला वळसा घालून पुढे गेले तर काय होते, हे निरोगी कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून कळले. १८७७ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये आतड्यांतले रक्त यकृतात नेणारी पोर्टल नीला मुद्दाम शरीरातल्या मोठ्या नीलेला जोडली गेली. १८९३ साली त्याच शहरात अशा कुत्र्यांना मांस बाधते, हे नोंदवले गेले. अशी आडवाट, म्हणजे शंट, जन्मतःच असलेली पिल्ले दवाखान्यांत ओळखू येऊ लागली ती बऱ्याच उशिरा.

अमोनियाचा युरिया करणे आणि युरिक ॲसिडचे सहज विरघळणारे ॲलँटॉइन करणे ही दोन्ही कामे यकृताची. ती अडली की अमोनिया आणि युरिक ॲसिड दोन्ही लघवीत उतरतात आणि अमोनियम युरेटचे खडे धरतात. युरेट खडा म्हटला की आधी डाल्मेशियन जातीचा कुत्रा आठवतो, पण त्याच्या यकृताच्या रक्तवाहिन्या धड असतात. त्याचा दोष युरिक ॲसिड पेशींत नेणाऱ्या प्रथिनाच्या जनुकात असल्याचे २००८ साली समजले. म्हणून यॉर्की (यॉर्कशायर टेरियर), शिह त्झू किंवा पगच्या पिल्लात युरेट निघाले, तर आधी यकृत तपासावे. हे खडे साध्या एक्स-रेत बहुधा दिसतच नाहीत, सोनोग्राफी लागते.

खरा गुंता एका नावाचा आहे. १९९० च्या दशकात केर्न टेरियरमध्ये ‘मायक्रोव्हॅस्क्युलर डिस्प्लेसिया’ वर्णिला गेला: मोठा शंट नाही, पण यकृतातल्या सूक्ष्म वाहिन्या सदोष. पुढे त्याला ‘पोर्टल नीलेची प्राथमिक अपूर्ण वाढ’ म्हणावे असे ठरले. सगळ्यांनी ते मानले नाही, कारण या नावाखाली पोर्टल दाब वाढलेले गंभीर आजारी कुत्रेही येतात आणि आयुष्यभर ठणठणीत राहणारेही. रक्तातली बाइल ॲसिड (पित्तातली आम्ले) शंटमध्ये वाढतात, इथेही वाढतात. बायोप्सीत दोन्ही सारखेच दिसतात. निव्वळ सूक्ष्म दोष असलेल्या कुत्र्यात युरेट खडे सहसा होत नाहीत. म्हणून अहवालावर ‘डिस्प्लेसिया’ आणि मूत्राशयात युरेट असेल, तर मोठी वाहिनी पुन्हा शोधायलाच हवी. नावावर समाधान मानल्याने शंट हातचा निसटतो, हे मला फार खुपते.

मूत्रपिंडाचा संसर्ग याच साखळीत येतो. युरिया कमी तयार झाल्याने मूत्रपिंडाला लघवी घट्ट करता येत नाही. कुत्रा खूप पाणी पितो आणि पातळ लघवी करतो. अशा लघवीत जंतूंना रोखण्याची ताकद कमी, त्यात खड्याची इजा आणि अडथळा, मग संसर्ग वर मूत्रपिंडापर्यंत चढतो. उलट्या आणि मरगळ शंटच्याच खात्यात टाकली जाते आणि लघवीचे कल्चर (जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) राहून जाते. युरिया फोडणारे जंतू असले तर युरेटवर स्ट्रुव्हाइट या दुसऱ्या प्रकारच्या खड्याचा थरही चढतो.

पूर्वी शंट रेशमी धाग्याने बांधत. तो एकदम पूर्ण आवळला तर पोर्टल नीलेतला दाब घातक वाढे. १९९० च्या दशकात केसिनची कडी आली. ती ओलावा शोषून काही आठवड्यांत फुगते आणि वाट हळूहळू बंद होते. मूत्राशयातले खडे बहुधा त्याच शस्त्रक्रियेत काढतात; मूत्रपिंडातले अडथळा करत नसतील तर तसेच ठेवून सोनोग्राफीने पाहत राहतात.