औषधाच्या चिठ्ठीवर मटण

समजा साल १८४५ आहे, तुम्ही दक्षिण इंग्लंडमधले शेतमजूर, आठवड्याची मजुरी ८-१० शिलिंग आणि पोरगं रात्रभर तापाने फणफणतंय. तर डॉक्टरकडे धावायचं नाही! आधी जायचं रिलीव्हिंग ऑफिसरकडे, तो बघणार की तुम्ही फुकट उपचार मिळण्याइतके गरीब आहात का, मग तो चिठ्ठी देणार आणि ती घेऊन पायपीट करत डॉक्टरचं घर गाठायचं. आपल्याकडे तलाठ्याच्या दाखल्यासाठी हेलपाटे घालतात ना तसंच, फक्त इथे घरात पोरगं तापलेलं.

ही सगळी सिस्टीम १८३४ च्या पुअर लॉची, म्हणजे गरिबांना मदत देण्याच्या कायद्याची. बरीच गावं एकत्र करून त्याची एक युनियन, आणि तिचा कारभार बघायला निवडून आलेले गार्डियन. आता हे गार्डियन कोण, तर खेड्यात बहुतेक बडे शेतकरी, आणि गरिबांसाठीचा कर त्यांच्याच खिशातून जायचा, म्हणजे हात आखडणार हे उघडच. सुरुवातीला तर डॉक्टरची जागा चक्क टेंडर काढून भरायचे, सगळ्यात कमी पगार मागेल त्याला नोकरी. १८४२ च्या आदेशाने ते बंद झालं आणि एका डॉक्टरकडे जास्तीत जास्त १५,००० एकर किंवा १५,००० माणसं असं ठरलं. १५,००० एकर म्हणजे साधारण ६० चौरस किलोमीटर, आणि ते घोड्यावरून फिरायचं! बाळंतपणाचे १० ते २० शिलिंग, पाय कापायचे ५ पौंड असे काही पैसे वेगळे मिळायचे, बाकी ठरलेला पगार.

पण खरी गोम पुढे आहे. औषधं डॉक्टरने स्वतःच्या पगारातून आणायची. आता तुम्हीच सांगा, महागडं क्विनीन कोण सढळ हाताने देईल? आणि क्विनीनची गरज तर होती, कारण पूर्व इंग्लंडमधल्या फेन्स आणि एसेक्सच्या दलदलीत तेव्हा मलेरिया होता (हो, इंग्लंडमध्ये). तिथले लोक त्याला एग्यू म्हणायचे, अंगात हुडहुडी भरली की खसखशीच्या बोंडांचा काढा प्यायचे, म्हणजे थोडक्यात अफूच. त्याने बरं वाटायचं, पण रक्तातला परजीवी तसाच राहायचा. तो मारायचं काम क्विनीनचं, आणि ते बाटलीत १८२० पासून तयार होतं.

मग डॉक्टर काय करायचे, तर मटण लिहून द्यायचे. मस्करी नाही, खरंच. मटण, दूध, पोर्ट वाइन, ब्रँडी हे डॉक्टरने सुचवलं तर त्याचा खर्च युनियनवर पडायचा, डॉक्टरच्या पगारावर नाही. गार्डियन मंडळी यावर सारखी कुरकुर करायची, आणि त्यांच्या बाजूने बघितलं तर पळवाट होतीच ती, पण मला विचाराल तर त्या चिठ्ठीवरचं सगळ्यात कामाचं औषध तेच असणार. पेशंट पाव आणि बटाट्यावर जगणारा, अंगात प्रोटीन नाही, मग जखम कशी भरणार आणि इन्फेक्शनशी शरीर लढणार कशाच्या जोरावर? ब्रँडीचं मात्र सोडून द्या.

शेवटी १८६४ मध्ये संसदेच्या समितीने शिफारस केली की क्विनीन, कॉड लिव्हर ऑइल अशी महाग औषधं गरिबांसाठीच्या करातून द्यावीत. त्या तेलात व्हिटॅमिन डी, मुडदुशीवर नामी, पण व्हिटॅमिन हा शब्दच तेव्हा जन्मला नव्हता, गुण येतो एवढंच ठाऊक. दरम्यान सरेमधल्या क्रॅन्ली गावात १८५९ ला आल्बर्ट नॅपर या डॉक्टरने एका साध्या घरातच छोटं हॉस्पिटल काढलं, पेशंटने ऐपतीप्रमाणे आठवड्याला थोडे पैसे द्यायचे, आणि हळूहळू तशी कॉटेज हॉस्पिटलं गावोगाव निघाली.

चिठ्ठीचा डाग मात्र राहिला. सरकारी औषध घेतलं की तुम्ही पॉपर, म्हणजे सरकारी मदतीवर जगणारे, आणि म्हणून मतदानातून बाद. १८८४ ला शेतमजुरांना मताचा हक्क मिळाला आणि खोकल्याच्या बाटलीपायी तो जाणार म्हटल्यावर बोंबाबोंब झाली, तेव्हा १८८५ ला नवीन कायदा करून नुसत्या उपचारासाठी मत जाणार नाही असं ठरवलं. गार्डियनच्या निवडणुकीला मात्र ही सूट नव्हती, बघा! पण त्या कायद्यात उपचार म्हणजे काय याची व्याख्या दिली होती, त्यात डॉक्टरच्या शिफारशीने दिलेली प्रत्येक वस्तू यायची. म्हणजे मटणसुद्धा.